रोजच्या गाडीनं ट्रॅक डे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्याहून कोइम्बतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर मी आतापर्यंत सहा वेळा गाडी घेऊन गेलोय. वेगळी अशी गाडी नाही. जिच्यातून ऑफिसला जातो आणि आईला दवाखान्यात नेतो तीच, १.२ लिटर पेट्रोल हॅचबॅक. जाऊन आलो की फोन सुरू होतात आणि प्रश्न बहुतेक तेच असतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहून ठेवतोय. ज्यावर जास्त लिहिलंय ते जास्त महत्त्वाचं आहे असं समजा.

ट्रॅक डे म्हणजे रेसच ना?

नाही. ट्रॅक डे म्हणजे आपलीच गाडी रेसच्या ट्रॅकवर चालवायचा दिवस. रेसमध्ये नंबर असतो, ट्रॅक डेला नसतो. अनुभवानुसार गट पाडतात आणि प्रत्येक गटाला १५-२० मिनिटांचं सेशन मिळतं. ओव्हरटेक फक्त सरळ पट्ट्यावर, तेही पुढच्यानं हात किंवा इंडिकेटर दाखवून वाट दिली तरच. रेसला एफएमएससीआयचं, म्हणजे भारतातल्या मोटरस्पोर्टच्या राष्ट्रीय संघटनेचं लायसन्स लागतं. ट्रॅक डेला साधं ड्रायव्हिंग लायसन्स, हेल्मेट आणि आयोजकांच्या हमीपत्रावर सही एवढ्यावर भागतं. सकाळच्या ब्रीफिंगला झेंडे समजावून सांगतात, ते नीट ऐका. पिवळा म्हणजे पुढे धोका आहे, वेग कमी आणि ओव्हरटेक बंद. लाल म्हणजे सेशन थांबलं, सावकाश पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारच्या गाड्या थांबवायच्या जागेत या. पिवळ्यावर लाल उभे पट्टे म्हणजे रस्ता निसरडा, बहुतेक वेळा कुणाचं तरी ऑइल सांडलेलं असतं. काळ्यावर केशरी गोल दिसला, तर तुमच्या गाडीत बिघाड आहे आणि तो तुमच्याआधी मार्शलला, म्हणजे ट्रॅकच्या कडेला झेंडा घेऊन उभ्या माणसाला दिसलाय.

जायचं कुठे?

आमची वारी कारीची. २.१ किलोमीटरचा आटोपशीर ट्रॅक आहे, २००३ साली सुरू झाला. भारतीय रेसिंगमध्ये स्वतः गाड्या घडवणारे एस. करिवर्धन यांचं नाव त्याला दिलंय. वेग फार चढत नाही, त्यामुळे शिकायला उत्तम. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टैला मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबचा ३.७ किलोमीटरचा ट्रॅक आहे. तिथली वळणं वेगवान आहेत आणि चूक महाग पडते. ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर २०११ ते २०१३ फॉर्म्युला वन झाली. ५.१२५ किलोमीटर लांबी आणि त्यातला मागचा सरळ पट्टाच किलोमीटरभर. कमी ताकदीच्या गाडीला तो पट्टा संपता संपत नाही, आणि संपतो तेव्हा ब्रेकची परीक्षा असते.

पहिल्यांदाच जाणाऱ्याला मी आधी कोल्हापूरच्या मोहित्यांच्या ट्रॅकवर गो-कार्ट चालवून यायला सांगतो. वळण कुठे सुरू होतं आणि नजर कुठे ठेवायची, हे तिथे कमी खर्चात अंगात भिनतं.

माझी साधी गाडी चालेल का? काही बसवून घ्यावं लागेल का?

चालेल. एक्झॉस्ट, रिमॅप (इंजिनच्या संगणकाची सेटिंग बदलणं), मोठी चाकं यातलं काहीही पहिल्या वर्षी नको. पैसे खर्च करायचेच असतील तर क्रम असा: ब्रेक ऑइल, ब्रेक पॅड, टायर, आणि एखादा चांगला इन्स्ट्रक्टर. इंजिन सगळ्यात शेवटी. स्टॉक गाडी ट्रॅकवर पळते, ती थांबताना कमी पडते.

ब्रेक ऑइलवर एवढा भर का?

कारण मी स्वतः तिथे चुकलोय, आणि ती चूक मला महाग पडता पडता राहिली.

आधी हिशोब बघा. माणसासकट ११०० किलोची गाडी ताशी १३० वरून ६० वर आणायची, तर साधारण ५६० किलोज्यूल ऊर्जा कुठेतरी जायला हवी. ती जाते डिस्क (चाकाबरोबर फिरणारी चकती) आणि तिला दाबणाऱ्या पॅडमध्ये, उष्णता होऊन. पावणेदोन लिटर गार पाण्याला उकळी आणायला एवढी उष्णता पुरते. हे एका वळणाआधी होतं. मग पुढचं वळण, आणि दीड मिनिटानं पुन्हा तेच. शहरात दिवसभरात जेवढे ब्रेक तापत नाहीत तेवढे इथे चार लॅपमध्ये, म्हणजे ट्रॅकच्या चार फेऱ्यांत तापतात.

ती उष्णता पॅडमधून पिस्टनला, पिस्टनमधून ऑइलला. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेतं, आणि आपल्याकडे चार महिने पावसाळा. डॉट ४ ऑइल नवं असताना किमान २३० अंशांना उकळतं, त्यात ३.७ टक्के पाणी मुरलं की तेच १५५ वर येतं. डॉट ३ चे आकडे २०५ आणि १४०, डॉट ५.१ चे २६० आणि १८०. ऑइल उकळलं की पाइपमध्ये वाफेचे बुडबुडे होतात. ऑइल दाबलं जात नाही, वाफ दाबली जाते. म्हणून पाय खाली जातो आणि गाडी थांबत नाही.

माझ्या दुसऱ्या वारीला ऑइल अडीच वर्षांचं होतं. डबीत पातळी बरोबर होती, रंग जरा काळपट, म्हणून मी म्हटलं चालेल. दुसऱ्या सेशनच्या सहाव्या लॅपला सरळ पट्ट्याच्या शेवटी पाय ठेवला आणि पेडल मऊ लागलं, ओल्या स्पंजवर पाय द्यावा तसं. अर्ध्यावर कुठेच जोर मिळेना. दुसऱ्यांदा दाबलं, तिसऱ्यांदा दाबलं, तेव्हा थोडे ब्रेक आले. तोवर गाडी ट्रॅक सोडून कडेच्या मातीत गेली होती. मोकळी जागा होती म्हणून निभावलं. पिटमध्ये परत आल्यावर चाकांतून जळक्या पॅडचा वास येत होता आणि माझा उजवा पाय थरथरत होता. तेव्हापासून प्रत्येक वारीच्या आधीच्या आठवड्यात नवं डॉट ४ किंवा ५.१ भरून चारही चाकांच्या ब्रेक पाइपमधली एअर काढून घेतो. नुसतं डबीतलं ऑइल उपसून नवं ओतलं म्हणजे काम झालं असं नाही. जुनं चाकाजवळच्या कॅलिपरमध्ये (पॅड दाबणारा भाग) तसंच राहतं, आणि उकळतं तेच. आणखी एक: डॉट ५ हे सिलिकॉनचं वेगळं ऑइल आहे. नाव ५.१ सारखं असलं तरी आपल्या गाडीत ते घालायचं नाही.

ब्रेक लागेनासे झाले तर ऑइल गेलं की पॅड, हे कसं ओळखायचं?

पायाला कळतं. पेडल मऊ होऊन खाली जात असेल तर ऑइल उकळलंय. पेडल दगडासारखं घट्ट आहे, जोर लावताय, पण गाडी हवी तशी थांबत नाही, तर पॅड त्यांच्या मर्यादेपलीकडे तापलेत. पॅडचं असेल तर दोन लॅप सावकाश फिरवल्यावर ब्रेक बऱ्यापैकी परत येतात. ऑइलचं असेल तर थंड झाल्यावर पेडल वरवर ठीक वाटेल, पण त्यावर विश्वास ठेवू नका. एअर काढल्याशिवाय पुन्हा ट्रॅकवर जायचं नाही.

नवे पॅड घातले असतील तर ते आधी बसवून घ्यावे लागतात: मोकळ्या रस्त्यावर ८० वरून ३० पर्यंत आठ-दहा वेळा मध्यम जोरानं ब्रेक, पूर्ण न थांबता, आणि मग दहा मिनिटं गार होईस्तोवर चालवायचं. आणि सेशन संपल्यावर हँडब्रेक ओढू नका! तापलेल्या डिस्कला पॅड एकाच जागी चिकटून राहिला की तिथे त्याचा थर बसतो, आणि पुढे घरी येईपर्यंत ब्रेक लावला की गाडी थरथरते. गाडी गिअरमध्ये ठेवा, चाकाला दगड किंवा लाकडी ठोकळा लावा.

टायरमध्ये हवा किती ठेवायची?

थंड असताना भरलेल्या हवेला ट्रॅकवर अर्थ नसतो. तीन-चार लॅपमध्ये टायर तापून पाच-सहा पीएसआय सहज वाढतात. मी सकाळी ३० ठेवतो, सेशन संपवून पिटमध्ये शिरल्या शिरल्या मोजतो आणि गरम टायरला ३६ च्या आसपास आणतो. तुमच्या गाडीचा आकडा वेगळा असेल. तो शोधायची सोपी युक्ती: टायरच्या जमिनीला टेकणाऱ्या भागाच्या कडेपासून, खांद्यावरून बाजूच्या भिंतीपर्यंत खडूनं तीन-चार उभ्या रेघा ओढा. रेघ खांद्याखाली भिंतीवर पुसली गेली तर टायर लोळतोय, हवा वाढवा. खांद्याच्या अलीकडेच पुसणं थांबलं तर हवा जास्त आहे.

चारही टायर सारखे झिजत नाहीत. बुद्ध सर्किटसारख्या घड्याळाच्या दिशेनं फिरणाऱ्या ट्रॅकवर उजवी वळणं जास्त, म्हणून डावीकडचा पुढचा टायर आधी जातो. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत तर तोच टायर ओढतो, वळवतो आणि थांबवतो. दर सेशननंतर त्याच्या बाहेरच्या कडेवरून हात फिरवा. बोटाला सोललेल्या रबराच्या लाटा लागल्या की तुम्ही वळणात गरजेपेक्षा जास्त स्टिअरिंग फिरवताय.

लॅप टाइम फोनवर मोजला तर चालतो का?

अंदाजासाठी चालतो. फोनचा जीपीएस साधारण सेकंदाला एकदा जागा नोंदवतो आणि १०० च्या वेगाला गाडी एका सेकंदात जवळपास २८ मीटर जाते. ॲप मधला भाग हिशोबानं भरून काढतं, म्हणून दशांश सेकंदावरून मित्राशी वाद घालू नका. सेकंदाला दहा नोंदी करणारा वेगळा रिसीव्हर फोनला जोडला की आकडा बराच भरवशाचा होतो. पूर्ण खात्री फक्त ट्रॅकच्या ट्रान्सपाँडरची (गाडीत लावायचं वेळ मोजणारं यंत्र).

पहिल्या सेशनला मात्र काहीच मोजू नका. फोन बॅगेत ठेवा. समोर आकडा पळत असला की माणूस वळण बघत नाही.

वेळ कमी कशी होते? मी तर पूर्ण ॲक्सिलरेटर देतोय.

हा प्रश्न मला सगळ्यात आवडतो, कारण इथेच चालवणं बदलतं.

कारीवर माझी पहिली मोजलेली वेळ १ मिनिट ३४ सेकंद होती. त्याच गाडीत, त्याच टायरवर, तिसऱ्या वारीला १ मिनिट ३० वर आलो. २.१ किलोमीटर ९० सेकंदात म्हणजे सरासरी ताशी ८४. आकडा ऐकायला साधा वाटतो, पण त्यात हळू वळणंही आली. ते चार सेकंद इंजिननं दिले नाहीत. मी वळणात कमी वेगानं शिरायला लागलो, म्हणून मिळाले.

सरळ पट्ट्याआधीचं वळण घ्या. तिथे घाईनं शिरलात की गाडी बाहेर ओढते, तुम्ही स्टिअरिंग सरळ व्हायची वाट बघत बसता आणि ॲक्सिलरेटर उशिरा मिळतो. थोडं आधी, सरळ रेषेत ब्रेक मारून शिरलात, आतली कड जरा उशिरा गाठलीत, तर बाहेर पडताना गाडी आधीच सरळ असते. ४०० मीटरच्या पट्ट्यावर सरासरी १०० ऐवजी १०४ मिळाले तर १४.४ सेकंदांचे १३.८५ होतात. एका वळणात अर्धा सेकंद! वळणाच्या मधोमध धाडस करून कुणाला अर्धा सेकंद मिळालेला मी पाहिला नाही.

दुसरी सवय: सगळ्यात चांगल्या लॅपपेक्षा सलग पाच लॅपमधला फरक बघा. पाचही एका सेकंदाच्या आत असतील तर तुम्ही शिकताय. एक १:३० आणि बाकीचे १:३४ असतील तर तो एक नशिबानं आलाय, आणि त्याच्या मागे लागलात की टायर तरी जातो किंवा गाडी मातीत.

दुपारी गाडी ओढत नाही. काही बिघडलंय का?

बहुतेक वेळा नाही. सकाळी २० अंश आणि दुपारी ३८, तर हवेची घनता सुमारे सहा टक्के कमी होते, आणि तेवढी ताकद गेलीच. शिवाय आत येणारी हवा तापली की ईसीयू, म्हणजे इंजिनचा संगणक, इंजिन वाचवायला ठिणगी उशिरा टाकतो. टर्बो गाडीत हे आणखी जाणवतं. तुमची चांगली वेळ सकाळच्या सेशनमध्येच येणार, दुपार सरावासाठी ठेवा.

खरी काळजी कूलंटची. बऱ्याच आधुनिक गाड्यांमध्ये टेम्परेचरचा काटा मुद्दाम मधोमध स्थिर ठेवलेला असतो. आतलं तापमान बरंच वर गेलं तरी तो हलत नाही, आणि हलतो तेव्हा उशीर झालेला असतो. स्वस्तातला ओबीडी स्कॅनर (गाडीच्या संगणकातले आकडे दाखवणारं यंत्र) लावून खरा आकडा बघा. माझा नियम: ११० अंश दिसले की लॅप सोडायचा, एसी बंद, हीटर पूर्ण गरम आणि फॅन जोरात, वरच्या गिअरमध्ये एक लॅप सावकाश. पिटमध्ये आल्यावर रेडिएटरचं झाकण उघडायला धावू नका, आतलं पाणी दाबाखाली असतं आणि अंगावर उसळतं. बॉनेट उघडा आणि थांबा.

इंजिन ऑइलचं काय?

लांब वळणात ऑइल एका बाजूला जमतं आणि पंपाच्या तोंडाशी हवा येऊ शकते. म्हणून पातळी वरच्या खुणेवर ठेवा, खुणेच्या वर नको. वळणात ऑइलचा लाल दिवा क्षणभर जरी लुकलुकला तरी पाय काढा, बाजूला घ्या, इंजिन बंद करा. बेअरिंग जायला फार सेकंद लागत नाहीत. पेट्रोलचंही तसंच, टाकी अर्ध्याच्या खाली जाऊ देऊ नका. माझी गाडी ट्रॅकवर लिटरला पाचच्या आसपास देते.

गिअर बदलताना कोणती चूक सगळ्यात महाग?

तिसऱ्यातून चौथ्यात जाताना हात घाईत दुसऱ्यात जाणं. तिसऱ्यात ६,००० फेरे असतील तर दुसऱ्यात क्लच सोडल्यावर चाकं इंजिनला ९,००० च्या वर फिरवतात. रेव्ह लिमिटर पेट्रोल तोडतो, पण इथे इंजिनला पेट्रोल नव्हे, चाकं फिरवत असतात. व्हॉल्व्ह वाकतात. गिअरची मूठ आवळून धरू नका; तळहात मोकळा ठेवून सरळ मागे ओढा, चौथ्याची जागा आपोआप सापडते.

विमा मिळतो का?

नेहमीच्या पॉलिसीत आयोजित रेसिंग, वेगचाचणी, विश्वासार्हता चाचणी अशा वापराला संरक्षण नसतं. पॉलिसीतलं वापराच्या मर्यादांचं कलम स्वतः वाचा. ट्रॅकवर झालेलं नुकसान स्वतःच्या खिशातून भरायची तयारी असेल तरच जा. हप्ते चालू असलेली एकुलती एक गाडी असेल तर घरच्यांशी बोलून ठरवा.

तोवर ताम्हिणीत सराव केला तर?

नको. घाटात समोरून एसटी येते, वळणापलीकडे माकडांना खायला घालायला थांबलेलं कुटुंब असतं, आणि कडेला मातीऐवजी दरी असते. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणं हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे. पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण मला कायद्यापेक्षा त्या समोरून येणाऱ्या माणसाची जास्त काळजी वाटते. त्यानं कुठल्याही हमीपत्रावर सही केलेली नसते.

मी जर्मनीत असतो. नुरबुर्गरिंगला माझी गाडी नेऊ शकतो का?

नेऊ शकता. नॉर्डश्लाइफ ठरावीक वेळी सर्वांना खुली असते, लॅपमागे पैसे भरून. पूर्ण लांबी २०.८ किलोमीटर. पण ध्यानात घ्या, त्या वेळी तिथे रस्त्याचे नियम लागू असतात: उजवीकडून ओव्हरटेक नाही, आणि वेळ मोजायलाही मनाई आहे. रेलिंगला धडकलात तर त्याचा आणि गाडी ओढून नेण्याचा खर्च तुमच्याकडून घेतात. भाड्यानं घेतलेल्या नेहमीच्या गाडीनं जाणं करारात बसत नाही. तिथल्या ट्रॅकसाठीच भाड्यानं मिळणाऱ्या वेगळ्या गाड्या असतात. पहिले काही लॅप आरशात बघत उजवी बाजू धरून चालवा. लांबी एवढी आहे की दोन-चार लॅपमध्ये वळणं पाठ होत नाहीत.

सोबत काय न्यायचं, काय काढून ठेवायचं?

न्यायचं: टॉर्क रेंच (नट ठरावीक जोरानंच आवळणारा पाना), हवेचा गेज आणि छोटा पंप, लिटरभर इंजिन ऑइल, बंद डबीतलं ब्रेक ऑइल, कूलंट, पॅडचा एक जोड, हातमोजे, टॉर्च, भरपूर पाणी. सुती कपडे आणि पातळ तळव्याचे बूट घाला. सिंथेटिक कापड आगीत अंगाला चिकटतं. हेल्मेट पूर्ण चेहरा झाकणारं.

काढायचं: डिकीतलं सगळं, स्टेपनीसकट. ड्रायव्हरच्या पायाखालचं मॅट न विसरता काढा, ते सरकून पेडलखाली अडकतं. डॅशबोर्डवरची गणपतीची मूर्ती नुसती चिकटवलेली असते. ती आदरानं कापडात गुंडाळून बॅगेत ठेवा. जोरात ब्रेक मारल्यावर कुठलीही सुटी वस्तू काचेवर जाते. आणि टूलकिटमधला टो हुक सकाळीच बंपरमध्ये आवळून ठेवा. गाडी वाळूत रुतल्यावर तो शोधत बसायला वेळ नसतो.

परत निघण्याआधी काय तपासायचं?

पुणे-कोइम्बतूर बाराशे किलोमीटरच्या आसपास आहे. ज्या गाडीला दिवसभर पिळून काढलं तीच तुम्हाला हायवेनं घरी आणणार आहे. त्यामुळे हे ट्रॅकइतकंच गांभीर्यानं करा.

गाडी थंड झाल्यावर चाकांचे नट टॉर्क रेंचनं मॅन्युअलमधल्या आकड्यावर बघा. मी प्रत्येक नटावर आणि रिमवर मिळून पांढऱ्या पेंटची एक रेघ मारलीय, त्यामुळे नट जरा फिरला तरी रेघ तुटलेली दिसते. पॅडची जाडी रिममधून टॉर्च मारून बघा. तीन मिलिमीटरपेक्षा कमी उरला असेल तर तिथेच बदला. पुढच्या चाकांच्या आत डोकावा: रिमच्या आतल्या बाजूला काळ्या ग्रीसचे शिंतोडे उडालेले दिसले तर ॲक्सलचा रबरी बूट फाटलाय. मला चौथ्या वारीला ते दिसले होते. वळताना कटकट आवाज अजून सुरू व्हायचा होता. तिथल्या एका फिटरनं दोन तासांत बूट बदलून नवं ग्रीस भरून दिलं. तसाच निघालो असतो तर दावणगेरेच्या आसपास कुठेतरी अख्खा सांधा गेला असता.

इंजिन ऑइल, कूलंट, ब्रेक ऑइल पुन्हा बघा. शेवटच्या सेशननंतर लगेच निघू नका, तुम्हीही थकलेले असता. मी त्या रात्री कोइम्बतूरलाच मुक्काम करतो. पहाटे टायर पूर्ण थंड असताना हवा कंपनीनं दिलेल्या आकड्यावर आणतो, कारण ट्रॅकवर टायर गरम असताना हवा काढल्यामुळे ती रात्रीतून २७-२८ वर उतरलेली असते, आणि मग सेलमच्या रस्त्याला लागतो.